फटफटीवरचा वाटाड्या : मोबाईल बरा कीं स्वतंत्र जीपीएस यंत्र?

भर श्रावणांत पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगांवाकडे जाणाऱ्या फटफटींच्या रांगा ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहिली नसेल. बहुतेक हँडलांवर मोबाईल बसविलेला असतो, त्याच्या कांचेवर निळ्या रेघेनें रस्ता काढलेला असतो, आणि स्वार दर दोन-तीन मिनिटांनीं अंगठ्यानें त्या कांचेवरचें पाणी पुसत असतो. पुसतां पुसतां नकाशा भलतीकडेच सरकतो, रेघ नाहींशी होते, आणि मग तो स्वार एखाद्या झाडाखालीं गाडी उभी करून, हातमोजे दांतांनीं ओढून काढून, ओल्या बोटानें आपलें गांव पुन्हां शोधूं लागतो. त्याच रांगेंत क्वचित् एखाद्याच्या हँडलावर जाड कांठाचें, ठेंगणेंसें निराळेंच यंत्र असतें. तो मात्र न थांबतां पुढें निघून जातो.

एवढ्यावरून पाहणारा म्हणेल कीं प्रश्न सुटला. वाट दाखविण्याकरितांच बनविलेलें यंत्र तें खरें, मोबाईल तो कामचलाऊ. परंतु समजा, हाच दुसरा स्वार पुढल्या रविवारीं भोरवरून वरंध घाटानें महाडास जावयास निघाला. दरडींच्या भीतीनें हा घाट अलीकडे कित्येक पावसाळ्यांत सरकारी हुकुमानें बंद ठेवण्यांत आला आहे. यंत्राच्या पोटांतील नकाशांत मात्र घाट उघडाच असतो. कारण त्या नकाशास हुकूम कळविणारें कोणी नसतें. मोबाईलवाल्यास कदाचित् ही वार्ता घरीं बसूनच कळली असती. तेव्हां प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, आणि त्याचें उत्तर प्रवास कोणत्या मुलखांतला, कोणत्या ऋतूंतला आणि कोणाचा, यावर पुष्कळसें अवलंबून आहे.

दोन्ही साधनांत मूळची करामत एकच आहे, ती प्रथम समजून घ्यावयास हवी. जीपीएस नांवाची योजना अमेरिकेच्या लष्करानें उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सुटला आणि १९९५ सालीं ती संपूर्णपणें चालू झाली. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर हे उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक उपग्रह अखंड एकच गोष्ट सांगत असतो : “मी अमुक ठिकाणीं आहे आणि आतां अमुक वेळ झाली आहे.” हा संदेश प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर, खालीं येतो. यंत्र तो ऐकतें, संदेश निघाल्यास किती काळ लोटला तें मोजतें आणि त्यावरून त्या उपग्रहाचें अंतर काढतें. तीन उपग्रहांचीं अंतरें कळलीं कीं जागा ठरावी; परंतु आपल्या खिशांतील घड्याळ उपग्रहांतील आण्विक घड्याळाइतकें बिनचूक नसतें, आणि घड्याळांत सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक होते. ती चूक काढून टाकण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो. शाळेंत ज्यांनीं चार अज्ञातांचीं चार समीकरणें सोडविलीं असतील, त्यांस यांत नवल वाटूं नये.

आरंभीं सामान्य जनांसाठींचा संदेश मुद्दाम अशुद्ध करून सोडीत. मे २००० पासून तें बंद झालें, आणि तेव्हांपासून ही विद्या खऱ्या अर्थानें रस्त्यावर आली. आज रशियाची ग्लोनास, यूरोपाची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा इतरहि योजना आहेत. नाविकच्या मालिकेंतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सुटला. नव्या मोबाईलांतून यांपैकीं अनेकांचे संदेश एकाच वेळीं ऐकले जातात, आणि मोकळ्या आकाशाखालीं साधा मोबाईलहि सुमारें ५ मीटरांच्या आंत आपली जागा सांगतो. सारांश, जागा ओळखण्याच्या कामीं मोबाईल कच्चा आणि महागडें यंत्र पक्कें, ही समजूत आतां जुनी झाली.

दुसरी एक समजूत मात्र अजून जुनी होत नाहीं. “रेंज गेली, आतां जीपीएस कुठलें?” असें चांगले शिकले-सवरलेले लोकहि म्हणतात. वास्तविक उपग्रहाचा संदेश ऐकण्यास मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याची मुळींच गरज नाहीं. सिमकार्ड काढून टाकलेला मोबाईलहि आपली जागा ओळखतो. मनोऱ्याची मदत दोन ठिकाणीं होते. उपग्रहांच्या कक्षांची माहिती आकाशांतून फार सावकाश, सेकंदास अवघ्या ५० बिटांच्या गतीनें येते. एका उपग्रहाची नेमकी माहिती मिळण्यास सुमारें अर्धें मिनिट आणि सर्व उपग्रहांचें ढोबळ पंचांग मिळण्यास साडेबारा मिनिटें लागतात. रेंज असली म्हणजे हीच माहिती मोबाईल इंटरनेटावरून क्षणांत आणतो. रेंज नसली म्हणजे त्यास धीर धरावा लागतो, इतकेंच. दुसरी मदत अधिक महत्त्वाची. जागा कळली तरी ती दाखवावयाची कशावर? नकाशा जर प्रत्येक वेळीं इंटरनेटावरून यावयाचा असेल, तर रेंज जातांच पडद्यावर कोऱ्या राखी पाटीवर एक निळा ठिपका तेवढा उरतो. ठिपका अगदीं खरा असतो. पण भोंवतालचें जग पुसून गेलेलें असतें. स्वतंत्र यंत्रांत सगळा नकाशा आधींच सांठविलेला असल्यामुळें ही आपत्ति येत नाहीं. मोबाईलांतहि नकाशा आधीं उतरवून ठेवतां येतो, पण तो उतरवावा हें निघण्यापूर्वीं सुचलें पाहिजे.

स्वतंत्र यंत्रांचा बाजार एके काळीं फार मोठा होता. ऑक्टोबर २००९ मध्यें गुगलनें मोबाईलवर वाट सांगण्याची सोय फुकट देऊं केली, त्याच दिवशीं गार्मिन आणि टॉमटॉम या दोन प्रमुख कंपन्यांच्या शेअरांचे भाव धाडकन् खालीं आले. मोटारींतून तीं यंत्रें हळूहळू नाहींशीं झालीं. फटफटीवर मात्र तीं टिकून आहेत, आणि कां टिकलीं तें समजण्यासाठीं मोटार आणि फटफटी यांतील भेद पाहिला पाहिजे. मोटारीच्या आंत ऊन नाहीं, पाऊस नाहीं, हादरा नाहीं, हातांत मोजे नाहींत. फटफटीवर हीं चारहि संकटें एकाच दिवशीं येऊं शकतात.

पावसाचें पाहूं. मोबाईलची कांच बोटाचा दाब ओळखीत नाहीं. बोटांत जी विद्युत् धरण्याची शक्ति असते ती ओळखते. पाण्याचा थेंबहि विद्युद्वाहक असल्यामुळें कांचेस तें बोटच वाटतें, आणि थेंब ओघळला कीं नकाशाहि त्याच्याबरोबर सरकतो. उलट हातमोज्याचें कातडें विद्युत् अडवितें, म्हणून खरें बोट कांचेस कळत नाहीं. थेंबास बोट समजावें आणि बोटास कांहींच समजूं नये, असा हा उफराटा न्याय! स्वतंत्र यंत्रांपैकीं जुन्यांची कांच दाबानें चालणारी असे. नव्यांची हातमोज्यांनीं चालेल अशी मुद्दाम केलेली असते. आतां मोबाईलहि पाण्यास दाद देत नाहींत हें खरें, परंतु त्यांत एक मेख आहे. चालतां चालतां तो भारित करावयाचा तर तार त्याच्या बुडाच्या छिद्रांत खुपसावी लागते, आणि तेथें ओल शिरली कीं पुष्कळ मोबाईल भारण करून घेण्याचेंच नाकारतात. फटफटीसाठीं बनविलेल्या यंत्राची बैठकच हँडलास पक्की असते आणि पाठीमागच्या धातूच्या खुंट्यांतून तें वीज घेतें; तार उघडी राहत नाहीं. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवींत मोबाईल घालण्याचा उपाय स्वस्त खरा, पण आंत वाफ धरते, आणि ऊन पडलें म्हणजे तीच पिशवी भट्टी होते.

उन्हाचा जाच विदर्भांत जाऊन पाहावा. मे महिन्यांत चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या वर जाणें ही तेथील लोकांस नवलाची गोष्ट नाहीं. ॲपल कंपनीनें आपल्या मोबाईलसाठीं भोंवतालची हवा ० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावी असें सांगितलें आहे. आणि फटफटीवर केवळ हवेचीच उष्णता असत नाहीं. पडदा उन्हांत दिसावा म्हणून पूर्ण उजळ केलेला, आंतील यंत्रणा सतत गणित करीत असलेली, बॅटरी त्याच वेळीं भारित होत असलेली, आणि माथ्यावर सूर्य. अशी चहूं बाजूंनीं आंच लागते. मग मोबाईल स्वसंरक्षणार्थ प्रथम पडदा मंद करतो, मग भारण थांबवितो आणि शेवटीं “थंड होईपर्यंत थांबा” अशी पाटी दाखवून मोकळा होतो. पडदा मंद होण्याची वेळ आणि ऊन सर्वांत प्रखर असण्याची वेळ एकच असते, हें सांगणें नलगे. चालत्या गाडीवर वाऱ्यानें कांहीं निभावतें. नागपुरास चौकांत उभें राहिलें कीं तेंहि संपतें. स्वतंत्र यंत्रास ऊन मुळींच लागत नाहीं असें नव्हे, पण तें उन्हांतच राहावयाचें हें धरून तें घडविलेलें असतें, आणि त्याच्याकडून दुसरें कसलेंहि काम अपेक्षित नसतें.

हादऱ्याची हानि फार उशिरां लोकांच्या लक्षांत आली. हल्लींच्या चांगल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यांत भिंग पक्कें बसविलेलें नसून चुंबकांच्या आधारानें जणूं तरंगत ठेवलेलें असतें. हात हलला तर भिंग उलट हलून चित्र स्थिर ठेवतें. मोठ्या इंजिनाच्या फटफटीची थरथर हँडलांतून या नाजूक रचनेस दिवसभर मिळत राहिली तर ती बिघडूं शकते, असा इशारा सप्टेंबर २०२१ मध्यें ॲपल कंपनीनें स्वतःच प्रसिद्ध केला. म्हणजे मनुष्य ज्या मोबाईलनें प्रवासाची छायाचित्रें काढणार, त्याचा डोळाच प्रवासांत अधू व्हावयाचा. यावर रबराचे धक्काशोषक बसविलेल्या बैठका मिळतात, आणि त्या घ्याव्याच. स्वतंत्र यंत्रास डोळाच नाहीं, त्यामुळें तें या रोगापासून मुक्त आहे. तसेंच ज्याच्या कॅमेऱ्यांत तरंगतें भिंग नसतें असा स्वस्त किंवा जुना मोबाईलहि मुक्त आहे. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां लडाखचा मार्ग घेऊं. कारण पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे तरुण आयुष्यांत एकदां तरी मनालीहून लेहला फटफटीनें जाण्याचा संकल्प करतात, आणि या दोन साधनांची खरी परीक्षा तेथेंच होते. बारालाचा, लाचुलुंग, तांगलांग अशा खिंडी ओलांडीत हा रस्ता जातो. तांगलांगची उंची ५,३०० मीटरांच्याहि वर आहे. दारच्याच्या पुढें पुष्कळ टप्प्यांत रेंज मिळत नाहीं, आणि इतर प्रांतांतलें प्रीपेड सिमकार्ड लडाखांत चालत नाहीं, पोस्टपेडच लागतें. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें लेहला पोंचून घरीं खुशाली कळवितां न आलेल्यांची संख्या थोडी नसावी. सरचूच्या तंबूंत सप्टेंबरच्या रात्रीं बाहेर ठेवलेलें पाणी गोठतें. अशा थंडींत लिथियमच्या बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते आणि संध्याकाळीं निम्मी भरलेली बॅटरी पहाटे रिकामी भासते. शून्याखालीं तिला भारित करूं जावें तर ती कायमची दुखावते. म्हणून मोबाईल आणि पॉवर बँक रात्रीं पांघरुणांत घेऊन निजावें, हा तेथील जाणत्यांचा परिपाठ आहे. स्वतंत्र यंत्रांतहि बॅटरी लिथियमचीच असते. परंतु तें गाडीच्या विजेवर चालत असल्यामुळें बॅटरीवांचून त्याचें अडत नाहीं.

याच मार्गावर स्वतंत्र यंत्राचा मोठा दोषहि दिसून येतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगच्या पोटांतून ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली ते लेह हें अंतर ४६ किलोमीटरांनीं कमी झालें. ज्याच्या यंत्रांतील नकाशा त्यापूर्वींचा आहे आणि ज्यानें तो बदलून घेतलेला नाहीं, त्यास तें यंत्र आजहि रोहतांगवरूनच धाडील, आणि तेथें परवाना लागतो. यंत्र खोटें बोलत नसतें. त्याच्या ठायीं काळ थांबलेला असतो. जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढण्याचाच हा प्रकार.

नकाशाच्या ताजेपणांत मोबाईल वरचढ आहे, यांत वाद नाहीं. रहदारी, अपघात, तात्पुरते वळसे हें सारें त्यास रेंज असेपर्यंत कळतें. शिवाय आपल्या देशांत एक निराळीच अडचण आहे. यूरोप-अमेरिकेंत द्रुतगति मार्गांवर मोठ्या मोटारसायकलींस सामान्यतः मज्जाव नसतो. आपल्याकडे मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, वांद्रें-वरळी सागरी सेतु, १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला शिवडीचा अटल सेतु आणि नागपुराहून मुंबईकडे येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग, या सर्वांवर दुचाकीस बंदी आहे. परदेशांतील रिवाजावर बेतलेल्या यंत्रास हें भान नसण्याचा संभव असतो, आणि तें बिनदिक्कत “उजवीकडे वळा” असें सांगून स्वारास टोल नाक्यावर पोलिसाच्या स्वाधीन करतें. गुगलनें डिसेंबर २०१७ मध्यें दुचाकीसाठीं वेगळी सोय प्रथम भारतांतच सुरू केली ती उगीच नव्हे. मात्र ती सोय निवडावी लागते. मोटारीचें चित्र तसेंच राहूं दिलें तर मोबाईलहि त्याच चुका करतो.

आणि ताजेपणा म्हणजे खरेपणा नव्हे. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याहून कळसूबाईकडे रात्रीं निघालेली एक मोटार अकोलें तालुक्यांत कोतूळजवळ धरणाच्या फुगवट्याखालीं गेलेल्या पुलावरून सरळ पाण्यांत शिरली आणि एक जण बुडून मरण पावला. नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खालीं कोसळून तिघे दगावले. दोन्ही प्रसंगीं गाडींतले लोक मोबाईल दाखवील त्या वाटेनें चालले होते, असें त्या वेळच्या वृत्तांतून आलें. दोन्ही ठिकाणीं रस्ता अडविणारी भक्कम आडकाठी नव्हती, हा दोष अर्थातच रस्त्यांच्या धन्यांचा. परंतु जीव प्रवाशांचा गेला. या दोन्ही मोटारी होत्या. फटफटीवर तर भोंवतीं पत्राहि नसतो. रात्रीं अनोळखी वाटेनें पडद्यावरील रेघ खरी आणि दिव्याच्या उजेडांत दिसणारा रस्ता खोटा, असें मानण्याची जी संवय जडत चालली आहे, ती दोन्ही साधनांच्या बाबतींत सारखीच घातक आहे.

डोळ्यांचा हिशेब येथेंच करून टाकावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. पडद्यावर दोन सेकंद पाहिलें कीं ३३ मीटर रस्ता न पाहतां ओलांडला. कोंकणांतल्या वळणांवर तेवढ्यांत म्हैस आडवी येते. मोटार वाहनांच्या केंद्रीय नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून जी दुरुस्ती झाली तिच्यान्वयें चालकास हातांतील दळणवळणाचें साधन केवळ वाट पाहण्यापुरतें, आणि तेंहि चित्त विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, वापरण्यास मुभा आहे. म्हणजे हँडलावर मोबाईल लावणें हा गुन्हा नव्हे. पण त्याच पडद्यावर संदेश वाचूं लागणें हा आहे. मोबाईलचा खरा अवगुण हाच कीं तो गप्प बसत नाहीं. वाट दाखवीत असतांनाच कोणाचा तरी वाढदिवस सांगतो, कोणाचा फोन आणतो, बँकेची सूचना दाखवितो. निघण्यापूर्वीं हीं सगळीं दारें लावून घेतां येतात, परंतु किती जण लावतात? स्वतंत्र यंत्र मोबाईलशीं जोडलें नसेल तर एकनिष्ठ असतें.

यावर अलीकडे तिसराच तोडगा निघाला आहे. मोबाईल खिशांत ठेवावयाचा आणि वळणाची खूण तेवढी गाडीवरच्या तबकडींत उमटवावयाची. रॉयल एनफील्डनें २०२० सालच्या मीटिऑर गाडीवर असा लहान डबा बसविला, आणि २०२३ च्या नव्या हिमालयन गाडीवर तर सबंध नकाशाच गोल पडद्यांत दिसतो. तबकडी गाडीचाच भाग असल्यामुळें ऊन-पाऊस-हादरा तिच्या अंगवळणीं पडलेला. मोबाईल मात्र कोरडा. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनीं हेल्मेटच्या आंतील लहान ध्वनिवर्धकांतून वळणें ऐकण्याची व्यवस्था केली तरी निम्मे काम होतें, आणि डोळे रस्त्यावर राहतात.

खर्चाची गोष्ट थोडक्यांत. गार्मिनचें फटफटीसाठींचें झूमो एक्सटी हें यंत्र २०२० सालीं अमेरिकेंत सुमारें ५०० डॉलरांस आणि त्याची पुढली आवृत्ति २०२३ सालीं सुमारें ६०० डॉलरांस विक्रीस आली. तेवढ्या रकमेंत आपल्याकडे एक बरासा मोबाईल येतो आणि वर लेहपर्यंतचें पेट्रोल निघतें. ज्यास वर्षांतून एकदांच दहा दिवस हिंडावयाचें आहे त्यानें हा खर्च करण्यांत अर्थ नाहीं. जो महिनोन् महिने गाडीवर असतो, ज्यास घरीं बसून आपला आडवाटेचा मार्ग आंखून त्याच मार्गानें जावयाचें असतें, त्याची गोष्ट निराळी. परदेशांतून यंत्र मागवितांना एक खबरदारी अवश्य घ्यावी. केवळ उपग्रहाचा संदेश ऐकणारें यंत्र वेगळें आणि उपग्रहामार्फत संदेश धाडणारें वेगळें. दुसऱ्या प्रकारचीं यंत्रें आणि उपग्रह-फोन भारतांत विनापरवाना बाळगणें बेकायदा आहे, आणि लडाखसारख्या सरहद्दीच्या मुलखांत तें विशेष महागांत पडूं शकतें.

आतां सर्वांत नाजूक मुद्दा, जो दुकानदार सांगत नाहीं आणि घेणाराहि विचारीत नाहीं. फटफटी घसरली, पाय मोडला, गाडी दरींत गेली, अशा वेळीं मदत बोलाविण्याचें साधन कोणतें? मोबाईलच. वाट दाखवून दाखवून त्याची बॅटरी संपलेली असेल, पावसानें तो भिजला असेल, किंवा गाडीबरोबर तोहि हँडलावरून दरींत गेला असेल, तर अंगावर कांहींच उरत नाहीं. त्यांतच घरच्यांचे फोन क्रमांक. ते आजकाल कोणाला पाठ असतात? त्यांतच पैशांचा व्यवहार आणि त्यांतच परवान्याची प्रत. एवढ्या गोष्टी ज्या एका वस्तूवर अवलंबून, तीच वस्तु ऊन-पाऊस-हादऱ्यांत सर्वांच्या पुढें टांगून ठेवावी, हा व्यवहार शहाणपणाचा नाहीं. चहासाठीं थांबल्यावर ती हँडलावरच विसरणारे महाभाग वेगळेच.

तेव्हां मध्यम स्थितींतल्या मराठी तरुणानें काय करावें? प्रत्येक घरांत कपाटाच्या खणांत एक जुना मोबाईल पडून असतो. कांचेवर चरा गेला म्हणून किंवा नवा आला म्हणून तो बाजूस सारलेला असतो. त्याचा उपग्रह ऐकण्याचा कान अजून शाबूत असतो. त्यांतले सारे पसारे काढून टाकावे, सिमकार्ड घालूं नये, आणि जाणार त्या सबंध मुलखाचा नकाशा घरच्या वायफायवर त्यांत उतरवून घ्यावा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीं मिळून बनविलेल्या जागतिक नकाशावर चालणारे ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमँड यांसारखे कार्यक्रम त्यासाठीं फुकट मिळतात, आणि त्यांत घरीं आंखलेला मार्गहि घालतां येतो. दुचाकीबंदीची माहिती अशा नकाशांत सर्वत्र असेलच असें नाहीं, म्हणून तेवढे रस्ते आपण लक्षांत ठेवावे. हा जुना मोबाईल हँडलावर, धक्काशोषक बैठकींत, गाडीच्या विजेवर. नवा मोबाईल पूर्ण भरून, बंद पिशवींत, आंतल्या खिशांत. म्हणजे गाडी जेथें जाईल तेथें तो न जातां मनुष्याजवळ राहील. महत्त्वाचे चार फोन क्रमांक आणि रक्तगट कागदावर लिहून परवान्याच्या पाकिटांत. खर्च बैठकीचा आणि भारण-तारेचा तेवढा. फुकटांतलें हें स्वतंत्र यंत्रच म्हणावयाचें. उन्हांत आणि ओल्या कांचेवर तें विकतच्या यंत्राच्या बरोबरीस येणार नाहीं, पण बंद पडलें तर जीवावर बेतणार नाहीं.

याच्या जोडीस पूर्वींचें एक साधन अजून शिल्लक आहे. भोरच्या पुढें चहाच्या टपरीवर गाडी उभी करून, “काय हो काका, घाट चालू आहे का?” म्हणून विचारलें तर तो किटलीवरची नजर न काढतां सांगतो, “न्हाई पाव्हणं, काल सांच्यालाच दरड आलीया, मागं फिरा.” ही वार्ता कोणत्याहि पडद्यावर येण्यास अजून दोन प्रहर लागतील. लडाखच्या मार्गावर समोरून येणारे ट्रकवाले हेंच काम करतात. पुढल्या नाल्यास पाणी किती, तें त्यांच्याइतकें अचूक कोणी सांगत नाहीं. सकाळीं उतार असलेला नाला उन्हानें बर्फ वितळल्यावर दुपारीं छातीएवढा होतो, आणि नकाशांत दोन्ही वेळीं तो एक बारीक निळी रेघच असतो.

निघण्यापूर्वीं एक परीक्षा मात्र घरापाशींच करावी. एखाद्या रविवारीं जुना मोबाईल हँडलावर लावून, त्याची विमान-स्थिति चालू करून, म्हणजे सर्व मनोऱ्यांशीं संबंध तोडून, पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावें. नाशिककरांनीं त्र्यंबकास जावें, कोल्हापूरकरांनीं पन्हाळ्यास. मोकळ्या जागीं पहिलीं कांहीं मिनिटें तो आकाश चांचपडेल, तेव्हां धीर धरावा. ठिपका हलूं लागला कीं नकाशा भोंवतीं दिसतो कीं नाहीं, हातमोज्यांनीं कांच चालते कीं नाहीं, परततांना बॅटरी वाढली कीं घटली, हें पाहावें. घटली असेल तर तार किंवा भारण-डबा दुबळा आहे असें समजावें, आणि पडदा कोरा राहिला असेल तर नकाशा उतरलेलाच नाहीं. घरीं परतून तो पुन्हां उतरवून घेण्यास अजून अवकाश असतो.